फोन 50 मेगापिक्सेलचा, मग फोटो असा का?

त्रिपुरी पौर्णिमेची पहाट. पंचगंगा घाटाच्या पायरीपायरीवर पणत्या, पाण्यात त्यांचं थरथरणारं प्रतिबिंब, अंधारात उभ्या दगडी दीपमाळा, कडेला रांगोळ्या. बघणाऱ्याच्या डोळ्यांचं पारणं फिटतं आणि हात आपसूक खिशातल्या फोनकडे जातो. घरी येऊन फोटो उघडावा, तर काळ्या पडद्यावर विखुरलेले पिवळे ठिपके, डाव्या कोपऱ्यात कुणाचं तरी डोकं आणि ऐन मधोमध दुसऱ्याच कुणी तरी वर धरलेला फोन. त्या दिवशी निम्म्या कोल्हापूरच्या स्टेटसला थोड्याफार फरकानं हाच फोटो असतो.

दोष फोनला दिला जातो. पुढच्या वेळी जास्त मेगापिक्सेलचा घेऊ, असं ठरतं. गल्लत इथंच होते. एक मेगापिक्सेल म्हणजे 10 लाख ठिपके. फोटो किती बारीक दाण्यांचा आहे, एवढंच तो आकडा सांगतो. तेही पुरतं खरं नाही, कारण 50 मेगापिक्सेलचे बहुतेक फोन नेहमीच्या सेटिंगवर शेजारशेजारचे चार ठिपके एकत्र करतात आणि 12.5 मेगापिक्सेलचाच फोटो हातात ठेवतात. थोडक्यात, पीठ किती बारीक दळलंय ते कळलं. भाकरी कशी थापायची, ते त्या आकड्याला माहीत नसतं.

हे थापणं म्हणजे कंपोझिशन. चौकटीत काय घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं आणि घेतलेलं कुठं बसवायचं, याला फोटोवाल्यांनी दिलेलं हे नाव. पुढं आपण त्याला सरळ मांडणी म्हणू.

डोळा गाळतो, कॅमेरा गाळत नाही

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्याला एका वेळी खरोखर लख्ख दिसतं ते साधारण तेवढंच, दोनेक अंशांचं वर्तुळ. आजूबाजूचं सगळं धूसर असतं. डोळा सतत इकडंतिकडं फिरतो आणि मेंदू ते तुकडे जोडून अखंड चित्र तयार करतो. जोडताना नको ते गाळतोही. महाद्वार रोडच्या गर्दीत तुम्हाला नवा फ्रॉक घातलेली मुलगी दिसते. तिच्या डोक्यावरच्या वायरी, मागची कचऱ्याची बादली, दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर हे सगळं डोळ्यांत शिरतं, पण लक्षात येत नाही.

कॅमेऱ्याला मुलगी आणि बादली यांत काही फरक नाही. जे समोर आहे ते सगळं तो इमानदारीत टिपतो. म्हणूनच 'बघताना एवढं छान होतं, फोटोत नाही आलं' ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे. छान दिसलं होतं ते मेंदूनं चाळून घेतलेलं. फोटोत आलं ते न चाळलेलं.

कोल्हापूरला चित्रकारांची परंपरा मोठी. आबालाल रहिमान इथल्याच तळ्यांच्या काठी बसून निसर्गचित्रं रंगवत. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार आणि मग सिनेमा काढणारे. चित्रकाराचा कागद कोरा असतो. त्याला नको असलेला खांब तो काढतच नाही. फोन धरणाऱ्याचा कागद मात्र आधीच काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे त्याचं निम्मं काम वजाबाकीचं. ही वजाबाकी बटण दाबायच्या आधी करायची असते.

आधी पाय, मग बोट

वजाबाकीचं सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे स्वतःचे पाय. डोक्यातून विजेचा खांब उगवलाय? अर्धं पाऊल डावीकडे सरका, खांब खांद्याच्या बाहेर जाईल. माणूस जवळ आणि खांब लांब असल्यामुळे तुमच्या एवढ्याशा हालचालीनं दोघांमधली जागा बदलते. खांब माणसामागंच लपला तरी चालतं. वाईट दिसतो तो डोक्यातून वर आलेला.

सवय एकच लावून घ्या. बटण दाबायच्या आधी चौकटीच्या चारी कडांवरून एकदा नजर फिरवा. दोन सेकंदांचं काम आहे. नको असलेलं बहुतेक सगळं कडेनंच आत घुसतं: अर्धी मोटारसायकल, कुणाचं कोपर, तुमचंच बोट. आणि माणसाला चौकटीच्या कडेवर कापायची वेळ आलीच, तर सांध्यावर कापू नका. घोटा, गुडघा, मनगट, मान इथं कापलेला माणूस अपंग वाटतो. मांडीच्या मध्यावर किंवा कमरेच्या जरा वर कापलेला वाटत नाही.

लहान मुलांचा फोटो उभ्यानं काढला की मूल बुटकं, डोकं मोठं आणि मागं फरशी. खाली बसा. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आला की फरशी जाते आणि मागं लांबवरचं काही तरी येतं.

आता अंतराची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथं आहे. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद बघते. त्यामुळे चेहरा मोठा दिसावा म्हणून आपण फोन अगदी जवळ नेतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर साधारण 12 सेंटिमीटर धरा. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 वर, म्हणजे कानाच्या मानानं नाक 40 टक्के मोठं उमटणार. तोच फोन दीड मीटरवर नेला तर हा फरक 8 टक्क्यांवर येतो. 'माझं नाक सेल्फीतच मोठं दिसतं' याचं उत्तर नाकात नसून हाताच्या लांबीत आहे. चेहऱ्यासाठी दीड-दोन मीटर मागं उभं राहा आणि 2 एक्स, म्हणजे दुप्पट झूम, वापरा.

रंकाळ्यावरचा नेहमीचा फोटो बघा: पुढं घरची मंडळी, मागं शालिनी पॅलेस. काढणारा दोन मीटरवर उभा, माणसं मोठी, पॅलेस काडेपेटीएवढा. तुम्ही सहा मीटरवर गेलात आणि 3 एक्स लावलंत, तर माणसं तेवढीच राहतात पण पॅलेस तिप्पट मोठा दिसतो. जादू नाही. पॅलेस पाण्यापलीकडे कित्येकशे मीटरवर आहे. तुम्ही चार मीटर मागं आल्यानं त्याला काहीच फरक पडत नाही, माणसांना मात्र पडतो.

फोनला वेगळी झूम लेन्स नसेल तर जपून. बोटांनी ताणून केलेला झूम म्हणजे मधला तुकडा कापणं. 2 एक्सला मूळ फोटोचा चौथा हिस्सा उरतो, 4 एक्सला सोळावा. 2 एक्सपर्यंत बहुतेक फोन निभावून नेतात. त्यापुढं चेहरे मेणासारखे दिसायला लागतात.

तीन भागांचा नियम आणि उसाची गाडी

मांडणीतली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट म्हणजे तीन भागांचा नियम. चौकटीचे आडवे तीन आणि उभे तीन सारखे भाग करायचे. मुख्य वस्तू मधोमध ठेवण्याऐवजी या रेघांवर किंवा त्या जिथं एकमेकींना छेदतात त्या चार ठिकाणी ठेवायची. रेघा पडद्यावर आणता येतात. अँड्रॉइडमध्ये कॅमेरा उघडून सेटिंगमध्ये 'ग्रिड लाइन्स' चालू करा. आयफोनला कॅमेऱ्यात शोधू नका, फोनच्या मुख्य सेटिंगमध्ये 'कॅमेरा'खाली 'ग्रिड' आहे. या रेघा फोटोत उमटत नाहीत. उमटतील का, ही शंका अनेकांना असते म्हणून सांगितलं.

नियमाला हे नाव दिलं ते जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं, 1797 मध्ये. त्याचा भर निसर्गचित्रात जमीन आणि आकाश यांची वाटणी निम्मी-निम्मी न करता एक तृतीयांश-दोन तृतीयांश करण्यावर होता. म्हणजे हा नियम कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे.

तो चालतो कशामुळे? कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी आठवा. मोळ्या रचणारा माणूस भार आसावर तोलतो. पुढं जास्त झाला तर जू बैलांच्या मानेवर बसतं, मागं जास्त झाला तर जूच वर उचलतं. चौकटीलाही असाच मधला आस असतो. मोठी, गडद, झगझगीत किंवा चेहरा असलेली गोष्ट जड. रिकामं आकाश, पाणी, भिंत हलकी. जड गोष्ट बरोबर आसावर ठेवली की गाडी तोलते खरी, पण जागची हलत नाही, नजर तिथं जाऊन थांबते. ती जरा बाजूला सरकवली आणि समोरच्या बाजूला काही हलकं, लांबचं ठेवलं, की नजर दोघांमध्ये येरझाऱ्या घालते. रिकामी जागासुद्धा वजन धरते, हे पटायला वेळ लागतो.

यातूनच पुढची गोष्ट निघते. माणूस डावीकडे बघत असेल तर त्याला उजव्या रेघेवर ठेवा, म्हणजे त्याच्या नजरेपुढं जागा राहील. धावणारं मूल, सायकल, टांगा यांनाही पुढं जागा हवी. ती नसली की भिंतीवर आपटल्यासारखं वाटतं.

पाण्याचं क्षितिज मधोमध टाकण्याआधी एक ठरवा: आज आकाश बघण्यासारखं आहे की पाणी? आषाढात रंकाळ्यावर ढग दाटले असतील तर आकाशाला दोन भाग. उन्हाळ्यातलं पांढरंफटक आकाश असेल तर त्याला एक भागही जास्तच. आणि क्षितिज सरळ ठेवा. एकदोन अंश कललं तरी तळं सांडायला लागतं. ग्रिडची आडवी रेघ क्षितिजावर टेकवली की भागलं.

नियम मोडायचा तो मुद्दाम

नवा राजवाडा समोरून काढायचा असेल तर तीन भाग विसरा. 1884 मध्ये पूर्ण झालेली, चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली ही इमारत मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती तोलून उभी आहे. ती बाजूला सरकवून काय साधणार? मनोरा बरोबर मध्ये घ्या. अट एकच, मध्ये म्हणजे अगदी मध्ये. चार बोटं इकडं-तिकडं झालं की ती मांडणी न वाटता चूक वाटते.

इथं दुसरी एक अडचण येते. मनोऱ्याचं टोक बसवायला फोन वर तिरका केला की राजवाडा मागं पडल्यासारखा दिसतो, दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात. उपाय: फोन भिंतीसारखा सरळ उभा धरा आणि मनोरा पूर्ण येईपर्यंत मागं जा. खाली जास्तीचं अंगण येईल, ते नंतर कापून टाका. मागं जायला जागा नसेल, तर मग झुकतंय ते झुकू द्या, पण पुरतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी जाऊन थेट वर बघणारा फोटो घ्या. अर्धवट झुकलेली इमारत चुकल्यासारखी वाटते, पूर्ण झुकलेली मुद्दाम केल्यासारखी.

संथ पाण्यातलं प्रतिबिंबही मध्ये दुमडलेलंच चांगलं. त्यासाठी फोन उलटा धरा. लेन्स खालच्या बाजूला येते आणि पाण्यापासून वितीभर अंतरावर नेता येते. जितकी लेन्स पाण्याजवळ, तितकं प्रतिबिंब भरीव. फोनची दोरी मनगटात अडकवून ठेवा, रंकाळ्यानं घेतलेला फोन परत मिळत नाही.

परत घाटावर

आता सुरुवातीचा फोटो दुरुस्त करू.

तो फसला कारण काढणारा वरच्या पायरीवर, सगळे उभे असतात तिथंच उभा होता. समोर माणसांची डोकी आणि पणत्या लांब, एकसारख्या विखुरलेल्या. नजरेला धरायला काहीच नाही.

खाली उतरा आणि पायऱ्यांच्या एका टोकाला, पणत्यांच्या रांगेजवळ बसा. पायरीला समोरून बघितलं तर ती आडवी पट्टी दिसते. टोकाकडून बघितलं की तीच पायरी जवळून लांब जाणारी रेघ होते. पणत्या जवळ मोठ्या, पुढं बारीक होत जातात, आणि नजर त्या रेघेवरून घसरत पुढं जाते. ती जिथं संपते तिथं काही तरी असायला हवं: एखादी दीपमाळ, पणती लावायला वाकलेली बाई. रेघ कुठंच पोचत नसेल तर नजर फोटोच्या बाहेर निघून जाते. रंकाळ्याचा कठडा, उसाच्या सऱ्या, चप्पल लाईनमधल्या चपलांच्या रांगा, सगळ्यांना हेच लागू.

फोन जमिनीपासून फूटभर उंचीवर धरा. सगळ्यात पुढची पणती चौकटीच्या खालच्या तिसऱ्या भागात, एका बाजूला. पुढं एकच पणती घ्या किंवा तीन. दोन घेतल्या की नजर दोघींत अडकते. पुढच्या पणतीवर बोट टेकवून फोकस करा आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते खाली ओढा, ज्योतीचा पांढरा गोळा न होता ज्योत दिसेपर्यंत.

वेळही मांडणीचाच भाग आहे. ऐन अंधारात दीपमाळ काळ्यावर काळी, म्हणजे दिसतच नाही. कार्तिकात कोल्हापुरात सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो. त्याआधी 20 ते 30 मिनिटं आकाश गडद निळं होतं. त्या निळ्यावर दीपमाळेचा आकार सुटा उठून दिसतो आणि पणत्यांचा पिवळा रंग दुप्पट ऊबदार वाटतो. पणत्या विझायच्या आत ही वीसेक मिनिटं गाठायची.

नाइट मोडमध्ये फोन एक ते तीन सेकंद प्रकाश गोळा करतो, तेवढा वेळ तो हलता कामा नये. पायरीवर टेकवा, मागं पाण्याची बाटली लावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्या. बोटाच्या धक्क्यानंही फोटो हलतो. या मोडमध्ये चालणारी माणसं धूसर येणार, ज्योती थोड्या फुगणार. माणूस स्पष्ट हवा असेल तर त्याला क्षणभर थांबायला सांगा, आणि पणतीचा उजेड चेहऱ्यावर पडेल असा बसवा.

भवानी मंडपाच्या कमानीतून बाहेरचं काढताना अडचण उलटी असते: कमान अंधारी, बाहेर लख्ख ऊन. बाहेरच्या उजेडावर बोट टेकवा. कमान काळी पडेल, पडू द्या, तीच तर चौकट.

खासबागेत वरच्या पायरीवर बसा

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, 1912 मध्ये बांधलेलं खासबाग कुस्ती मैदान हा मांडणीचा धडाच आहे. मधे लाल मातीचा हौदा, भोवती गोल चढत गेलेली बैठक. कुस्ती सगळ्यांना दिसावी म्हणून केलेली ही रचना फोटो काढणाऱ्याच्याही पथ्यावर पडते.

हौद्याच्या अगदी कडेला उभं राहून फोटो काढला तर पैलवानांच्या मागं काय येतं? पलीकडचे प्रेक्षक, फ्लेक्स, पांढरे शर्ट, वर धरलेले फोन. दोन पैलवान एकमेकांत गुंतलेले असतातच, त्यात ही पार्श्वभूमी आली की कुणाचा हात कुणाचा पाय, कळत नाही. वरच्या पायऱ्यांवर गेलात की फोन खाली झुकतो आणि पैलवानांच्या मागं उरते फक्त लाल माती. एकरंगी, सलग. अंगाचा प्रत्येक पीळ सुटा दिसतो, वर संध्याकाळचं तिरपं ऊन असलं तर सावल्या मातीवर लांब पडतात आणि दोघांचे चार होतात. फक्त जागा बदलल्यानं सगळी वजाबाकी आपोआप झाली.

वरून काढताना पाय कापू नका. डाव पायात असतो. एकलांगी की ढाक, हे पायांवरून कळतं आणि जाणकार आधी तेच बघतो. पैलवान ज्या बाजूला फेकला जाणार तिकडं माती मोकळी सोडा. धोबीपछाडचा क्षण डोळ्यांना दिसल्यावर बटण दाबलंत तर उशीर झालेला असतो. पकड घट्ट झाली, खांदा खाली गेला, की तिथूनच एकामागून एक फोटो घेत राहा. खाली, कडेवरून काढायचा एकच फोटो: जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर उचलतात तो. फोन खालून वर धरला की मागं नुसतं आकाश येतं आणि माणूस असतो त्याहून मोठा दिसतो.

मिसळ, पांढरा रस्सा आणि कापशी चप्पल

खाण्याच्या फोटोत कोन पदार्थ ठरवतो. सपाट मांडलेलं, मिसळीचं ताट किंवा तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्या असलेली थाळी, हे बरोबर वरून, फोन टेबलाला समांतर धरून. दुधाचा ग्लास उभा आहे, तो त्याच्याच उंचीवरून. नुसती वाटी असेल तर मधला, 45 अंशांचा कोन. हॉटेलात दिव्याखाली बसलात तर वरून काढताना तुमचीच सावली ताटात पडते. खिडकीजवळचं टेबल धरा आणि उजेड ताटापलीकडून, तुमच्या समोरून, किंवा बाजूनं येऊ द्या. कटावरची तर्री चमकते ती समोरच्या उजेडानं. तुमच्या पाठीमागून उजेड आला की तीच तर्री मातकट दिसते. फ्लॅशचं नाव काढू नका.

पांढरा रस्सा फोटोत करडा का येतो? समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं असणार, असं कॅमेरा धरून चालतो. पांढरं जास्त असलं की तो फोटो अंधारतो, काळं जास्त असलं की उजळवतो. म्हणून पांढऱ्याला सूर्याचं चिन्ह थोडं वर ओढायचं, काळ्याला खाली.

हे कापशीसारख्या कोल्हापुरी चपलांच्या फोटोला फार उपयोगी आहे. घरबसल्या व्हॉट्सॲपवर चपला विकणारे आता खूप आहेत, आणि गिऱ्हाईक हात लावून बघू शकत नाही. फोटोच त्याचा हात. पण बहुतेक फोटो असे: फरशीवर जोड, वरून फ्लॅश, अंगठ्याकडची बाजू होडीएवढी आणि टाच चिमुकली.

अशी काढून बघा. थेट ऊन न येणारी खिडकी, तिच्याशेजारी टेबल. टेबलावर करड्या रंगाचं मोठं कार्डशीट, मागची कड भिंतीला टेकवून वर वळवलेली, म्हणजे टेबलाचा कोपरा दिसत नाही. कार्डशीटला घडी नको, नुसता बाक हवा. फोन चपलेपासून मीटरभर लांब, 2 एक्सवर. एक चप्पल आडवी, दुसरी तिच्यावर टेकवून उभी, म्हणजे एकाच फोटोत वरची बाजूही दिसते आणि तळही. जोड सरळ न ठेवता किंचित तिरका. खिडकी बाजूला असल्यामुळे चपलेवरच्या चामडी वेणीच्या प्रत्येक पेडाला बारीक सावली मिळते आणि हाताचं काम कळतं. फोनच्या बाजूनं उजेड टाकला तर वेणी छापल्यासारखी सपाट दिसेल. खिडकीच्या उलट बाजूला पांढरा कागद उभा केला की फार काळी पडलेली बाजूही उजळते.

जवळून वेणीचा किंवा चपलेच्या कानाचा, म्हणजे बाजूच्या पट्टीचा, फोटो घेताना एक फसगत होते. फार जवळ नेला की बरेच फोन न सांगता रुंद लेन्सवर उडी मारतात, पडदा किंचित हलल्यासारखा वाटतो ती हीच उडी, आणि फोटो कच्चा येतो. फोन जरा मागं घ्या, 2 एक्स करा. गिऱ्हाइकाला पाठवायचे फोटो पाच: जोड, वरून, बाजूनं, तळ आणि वेणी जवळून. सहावा सुंदर वगैरे काढण्यापेक्षा शेजारी मोजपट्टी ठेवलेला काढा. माप चुकल्यानं चप्पल परत येते, फोटो कलात्मक नव्हता म्हणून नाही.

'एवढा विचार करेपर्यंत क्षण निघून जातो'

खरं आहे. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी जागा निवडा: चांगली भिंत, चांगला उजेड, रेघ. चौकट पक्की करा आणि मग कुणी तरी त्यात येण्याची वाट बघा. बिंदू चौकात पाच मिनिटं उभं राहिलात तर चौकटीत सायकल येतेच. क्षणामागं धावणाऱ्याला क्षण सापडतो तो पाठमोरा.

'नंतर क्रॉप करू की' हा दुसरा आक्षेप. क्रॉपनं कडा जातात, जागा बदलत नाही. डोक्यातला खांब, नाकाचा आकार, पॅलेसची उंची यांतलं काहीही क्रॉपनं सुधारत नाही. तरी क्रॉपसाठी चहूबाजूंनी थोडी जागा राखून काढणं शहाणपणाचं, आणि त्यासाठी फोटो 4:3 मध्ये ठेवा. 16:9 निवडलंत की फोन वरून-खालून मिळून पाव हिस्सा स्वतःच कापून टाकतो.

'एआय आता खांब पुसून देतं.' देतं. पण पुसलेल्या जागी काय होतं ते त्याला माहीत नसतं, ते अंदाजानं भरतं. साध्या भिंतीवर अंदाज खपतो. कोरीव दगडावर, गर्दीत, हाताच्या बोटांवर तो उघडा पडतो.

आणि सगळ्यांनी नियम पाळले तर सगळे फोटो सारखेच दिसणार नाहीत का? तीन भागांच्या नियमाबाबत ही भीती रास्त आहे. रेघांवर आंधळेपणानं माणसं ठेवलेले कंटाळवाणे फोटो ढिगानं असतात. कडा तपासणं, मागं काय आहे ते बघणं, अंतर राखणं यांनी मात्र कुणाचे फोटो सारखे होत नाहीत.

लग्नातला ग्रुप फोटो

हा फोटो कधी ना कधी प्रत्येकाच्या गळ्यात पडतो. सगळे बसावेत म्हणून रुंद लेन्स, म्हणजे अर्धा एक्स, लावू नका. ती कडेच्या माणसांना आडवं ताणते. कडेला उभ्या मावशी फोटो बघून तुमच्यावर चिडतात त्यात त्यांची चूक नसते. 1 एक्सवर राहा आणि मागं जा. 15-16 जण असतील तर एका ओळीत उभे करू नका. मागची ओळ पायरीवर किंवा स्टेजवर, पुढची खुर्च्यांवर, मुलं खाली सतरंजीवर. ओळींत अंतर कमी ठेवा, मागचे चेहरे लहान होत नाहीत. फोन बसलेल्यांच्या आणि उभ्यांच्या चेहऱ्यांच्या मधल्या उंचीवर. मागच्या ओळीतल्या प्रत्येकाला सांगा, 'तुम्हाला लेन्स दिसतेय का?' त्याला लेन्स दिसत नसेल तर लेन्सला तो दिसत नाही. कमीत कमी सहा फोटो घ्या, कुणाचे तरी डोळे मिटतातच. आणि आज्जीला खुर्ची द्यायची ती पुढच्या ओळीत, बरोबर मधोमध. टोकाला बसवलंत तर फोन तिलाही ताणणार.